घरटी एक वाटा

गुंजी गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात बकरं पडो नाहीतर तळ्याची मासळी निघो, वाटे एकाच रीतीनं पडत. घरटी एक वाटा मांडायचा. गावाच्या विश्वासातल्या मारुतीरावांनी पाठ करून उभं राहायचं. कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून "ह्यो कुणाचा?" असं विचारायचं आणि मारुतीरावांनी न बघता एका घराचं नाव घ्यायचं. त्यावर भांडण नाही.

डोंगर फोडणाऱ्या खडीच्या कंपनीनं गावाचा वाटा म्हणून एक कायमची नोकरी, एक शिलाई मशीन आणि बाकी घरांना भिंतीवरची घड्याळं पाठवली, तेव्हाही गावानं हीच रीत धरली. कंपनीचे सुहास साहेब बेळगावहून आले होते. त्यांना हे फारच लोकशाहीचं वाटलं. त्यांनी फोटो काढले.

मारुतीरावांचा जीव त्या नोकरीत अडकला होता. पोरगा युवराज बी.एड. होऊन घरी बसलेला, लग्न जुळेना. सकाळीच बाळाबाई नवऱ्याला म्हणाली, "नोकरीच्या कागदावर बोट आलं की म्या खोकते. तुमी आपल्या घराचं नाव घ्या." मारुतीरावांनी जन्मात कधी लबाडी केली नव्हती. पण ते नकोही म्हणाले नाहीत.

देवळापुढं वाटे मांडले. मारुतीराव पाठमोरे झाले.

"ह्यो कुणाचा?" एका वाट्यावर बोट ठेवून गावातल्या भावकूनं विचारलं.

मागं बाळाबाई खोकली.

"आमचा!" मारुतीराव ओरडले.

घड्याळ निघालं.

दुसऱ्या वाट्यालाही ती खोकली, तिसऱ्यालाही. मारुतीरावांचं डोकं फिरलं. बाईला एवढंही जमू नये? नोकरी गेली गुणाबाईला, आणि गुणाबाईनं सत्तरी कधीच ओलांडलेली. सुहास साहेब वयाची अट सांगू लागले. "वाटा पडला म्हंजे पडला," गाव म्हणालं.

मारुतीराव तणतणत वळले. बाळाबाई तोंडावर पदर दाबून वाकली होती. डोळ्यांतनं पाणी, दम पुरेना.

"अवो, म्या मुद्दाम न्हाई..." पुढं तिला बोलवेना.

डोंगरावरचा धुरळा गावात उतरायला लागल्यापासून ती अशीच खोकत होती. रोज ऐकून मारुतीरावांना ते ऐकूच येईनासं झालं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. 

"झालं ना सगळं वाटून?" सुहास साहेबांनी विचारलं.

"न्हाई सायेब. ह्यो खोकला राहिलाय," मारुतीराव म्हणाले. "त्येचंबी वाटं मांडा. तुमच्या कंपनीचं एक घर धरून."

आणि ते पुन्हा पाठ करून उभे राहिले.