माहेरचा निवडुंग

वळ गावच्या तुळशीरामची शेती गोदामांखाली गेली, पैसा आला, बंगला झाला, पण त्याचा जीव रमला तो गच्चीवरच्या निवडुंगांत. माणसांपेक्षा याला काट्यांची माया जास्त, असं बायको बायजाबाई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. कलम करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या भिवंडीत कुणी नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, म्हणून सगळ्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी त्याने बाहेरून लालबुंद टोपीचं एक कलम विकत आणलं. पुढे एकेका झाडावर फिकट ठिपके पडू लागले, वाढ खुंटली. पाणी बदललं, औषधं फवारली, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी कृषी महाविद्यालयातल्या एक मॅडम आल्या. त्यांनी तपासून सांगितलं, की हा विषाणू आहे आणि याला औषध नाही. कलमाच्या सुरीला एका झाडाचा रस लागतो आणि तो दुसऱ्यात जातो, तसाच हा पसरला. सगळं जाळा, निरोगी झाड मिळालं तर त्यावरून नव्याने सुरुवात करा. दोनशे झाडं होती. तुळशीरामला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

मग त्याला लेक आठवली. सहा वर्षांपूर्वी भाविकाला सासरी पाठवताना त्याने सगळ्यात जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू तिच्याबरोबर दिलं होतं. तेव्हा हा रोग घरात नव्हता. तो तडक तिच्या सासरी, पडघ्याला गेला.

ओट्यावर झाड उभं होतं, कमरेएवढं, हिरवंगार. त्याचा जीव भांड्यात पडला. चहा थंड झाला तरी तो झाडाभोवती फिरत राहिला. बुंध्याशी मात्र कापल्याचे व्रण होते. पिल्लं कुणी काढली, असं त्याने विचारलं.

"तूच नं, बाबा, गेल्या संक्रांतीला," भाविका हसून म्हणाली. "हलदीकुंकवाला वाण म्हणून वाटली. चालीस बायांच्या दारात हाय आता तुझं झाड."

त्याला आठवलं. बायका कौतुक करत होत्या आणि तो खिशातल्या सुरीने ऐटीत एकेक पिल्लू छाटत होता. सुरी फक्त सदऱ्याला पुसली होती. त्याने वाकून कोवळा शेंडा उन्हात निरखून पाहिला. ठिपके होते. बारीक, पण होते.

घरच्या झाडांचं भाविकाला कळलं होतं. जिवाला लावून घेऊ नको, यातलंच एक पिल्लू ने आणि पुन्हा लाव, असं ती समजावत राहिली. सासरी करमेना तेव्हा ती याच झाडाशी बोलत बसायची, हे तुळशीरामला ठाऊक होतं.

"भाविका," तो म्हणाला, "हे पन जालावं लागंल. त्या चालीस घरांत तूच सांग. माझ्यानं न्हाय व्हायचं."