लोण्याची बिअर

शेवटची बाटली दिराने उघडली आणि आधी तिच्यात नाक खुपसलं. लोक हौसेने नाकाने कांदे सोलतात. याचं त्यावर घर चालायचं. बिअरच्या कारखान्यात वास तपासायला होता तो.

“लोणी,” तो म्हणाला. “दादाच्या हातचीच.”

वहिनी हसली नाही. नवरा घरी करायचा त्या बिअरची टर तर तिनेच जन्मभर उडवली होती. ‘पाहुण्यांना नुसते पाव वाढा, लोणी ग्लासात आहे!’ तो मान खाली घालून हसायचा. तो गेल्यावर तिने त्याच पिंपात, त्याच्याच कृतीने दोनदा बिअर केली. दोन्ही वेळा निघाली स्वच्छ, नितळ, कोणाच्याही घरची असावी अशी. आता मागच्या खोलीत तिसऱ्यांदा भरलेलं पिंप होतं, काम शेवटाला आलेलं. तेही तसंच निघालं, तर या बाटलीबरोबर ती चव कायमची संपणार होती.

“भाऊजी, माझं चुकतंय कुठे?”

“चुकत नाहीये, तीच तर पंचाईत आहे! चुकायचा तो. यीस्ट आधी हा लोण्याचा वास सोडतं आणि शेवटी ऊब मिळाली की आपणच गिळून टाकतं. गारठलं की झोपतं. वास राहतो तसाच.”

“गारठेल कसं? हीटर होता ना पिंपापाशी.”

“शंभरदा बजावलं त्याला, शेवटी शेवटी हीटर हलवू नकोस म्हणून. ‘बरं’ म्हणायचा. घुम्या नुसता!”

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

घरात हीटर एकच. थंडीत तिचे गुडघे धरायचे, आणि पहाटे जाग यावी तर तो हीटर तिच्या पायाशी. ‘अहो, तुमच्या पिंपाला नको का?’ ‘त्याचं झालं काम. झोप तू.’

“काय झालं, वहिनी?”

“काही नाही. ओता तुम्ही.”

दोघांनी ती अर्धी अर्धी प्यायली. वहिनीने अगदी घोट घोट, उरवून उरवून.

दीर गेल्यावर ती मागच्या खोलीत गेली. पिंपाशेजारी हीटर इमानाने तापत होता. तिने तो उचलला आणि आपल्या पलंगापाशी आणून लावला.

पाय लगेच तापले. बाकी ती गारच राहिली.