घरच्या भाषेतली पाच मिनिटं

विजयकुमार इनामदारांना चंदीगडात सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत आपण पंजाबीचं एक वाक्यही शिकलो नाही, हे ते पदवी मिळाल्यासारखं सांगत. मोहालीच्या कंपनीत इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी, सांगलीला फोनवर मराठी. भागलं की! सहावीतल्या त्यांच्या लेकीची, ज्ञानदाची, तिसरी भाषा मात्र पंजाबी होती आणि ते त्यांना खुपत होतं. शेवटी पंजाबी सोडून फ्रेंच घेण्याचा अर्ज त्यांनी टाइप केला. त्यावर पंजाबीच्या बाईंची सही लागणार होती. "पापा, मुझे नहीं छोड़ना," म्हणत ज्ञानदा दोन दिवस रडली. पण पोरींच्या रडण्यावर निर्णय फिरवणाऱ्यांतले ते नव्हते.

सहीसाठी शनिवारच मिळाला. शनिवारी पंजाबीच्या बाईंच्या, म्हणजे परमिंदर मॅडमच्या वर्गात एक रिवाज होता. कुणाच्या तरी घरचं मोठं माणूस यायचं, आपल्या भाषेत पाच मिनिटं बोलायचं आणि त्याच्या मुलानं ते वर्गाला पंजाबीत सांगायचं. मागच्या शनिवारी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातली एक नर्स मल्याळममध्ये बोलून गेली होती. आज विजयकुमार दारात दिसताच मॅडमनी त्यांना धरून फळ्यासमोर उभं केलं. चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या.

विजयकुमारांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इथं कुणाला काय कळतंय! सदा हिंदीत बोलणाऱ्या ज्ञानदालाही असलं मराठी कळायचं नाही, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी सत्कारमूर्तीला शोभेल असं हसू चेहऱ्यावर चढवलं आणि मराठीत सुरू केलं. 'मूर्ख' हा शब्द हिंदीतही आहे, तेव्हा तेवढा टाळण्याइतकी अक्कल त्यांना होती.

"पोरांनो, तुमच्या या बाई अगदीच बिनडोक दिसतात. स्वतःला शिकवायचा कंटाळा, म्हणून आईबापांना इथं नाचवतात. ही बोली शिकून कुणाचं चांगभलं झालंय? नुसता पोरखेळ! माझ्या पोरीला मी आज या कोंडवाड्यातून सोडवणार आहे."

मॅडम कौतुकानं मान डोलावत होत्या. भाषण आटोपून विजयकुमारांनी हात जोडले, बाजूला झाले आणि मोबाइल काढला. पोरीच्या तोडक्यामोडक्या पंजाबीशी त्यांना काय देणंघेणं?

ज्ञानदा उठली. तिचे कान लाल झाले होते. पंजाबीत ती जी सुटली, ती कुठं अडखळलीच नाही. मुलं हसली, मग एकदम गप्प झाली. मागच्या बाकावरून कुणीतरी काही विचारलं, त्यालाही तिनं तिथल्या तिथं उत्तर दिलं. ऑफिसची मेल वाचता वाचता विजयकुमारांनी टाळ्या ऐकल्या आणि तोऱ्यात मान लववली.

तास संपल्यावर मॅडम पंजाबीचं पहिलीचं पुस्तक घेऊन आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"सर जी, इसमें शरम कैसी? सात साल में नहीं सीखी तो अब सीख लीजिए. बेटी के साथ बैठिए. इतने बच्चों के सामने कौन बाप ऐसे मानता है?"

विजयकुमारांचा हात खिशातल्या अर्जावर होता. पण अर्ज द्यायचा, तर आपण खरं काय बोललो तेही सांगावं लागणार. ते धाडस त्यांच्यात नव्हतं. समोरच्याला कळणार नाही अशाच भाषेत ते शूर होते. त्यांनी अर्ज तसाच ठेवला आणि दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं.

गाडीत बसल्यावर ते उसळले. "मला पंजाबी शिकायचंय, असं मी कधी म्हणालो?"

"नहीं कहा था," ज्ञानदा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आपने जो कहा था, सब समझ में आया मुझे."

"मग तेच का नाही सांगितलंस?"

"सोमवार को मुझे उसी क्लास में बैठना है, पापा. वो बता देती, तो सबको पता चल जाता कि आप कैसे हैं."