रिपोर्टात काही निघालं नसतं तर?

धाकट्या बहिणीच्या खोलीला बाहेरून कडी घालून थोरला भाऊ सलून उघडायला गेला.

"बहीण दिसत नाही हल्ली?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"मावशीकडे गेलीय," म्हणून तो वस्तरा चालवत राहिला. हात सवयीनं चालत होते. आत मात्र काहीच हलत नव्हतं. ना राग, ना रडू.

धाकटी शिवणकाम करायची. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. आधी तिला ताप आला, डोकं ठणकलं. मग ती म्हणू लागली, शेजारी भिंतीआडून माझी उणीदुणी काढतात. झोप उडाली. एके दिवशी तिनं शिलाई मशीनच खिडकीतून ढकललं. "त्यात कान बसवलेत!" म्हणाली. तेव्हापासून ही कडी.

"बोभाटा झाला तर तिचं लग्न कसं व्हायचं?" एवढं बोलून त्यानं बायकोलाही गप्प केलं होतं.

त्या दुपारी बायकोचाच फोन आला. "कडी काढलीय मी. वन्संना आकडीचा झटका आलाय. दवाखान्यात नेतेय. यायचं तर या, नाहीतर बसा अब्रू सांभाळत!"

तो गेला. डॉक्टरीणबाईंनी मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्याला समोर बसवून म्हणाल्या, "रोगाशी लढायला शरीरात पहारेकरी असतात. त्यांनी हिच्या मेंदूवरच चाल केली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा. मेंदूला सूज आलीय, भास त्यामुळे होताहेत. उपचार आहेत, पण उशीर झालाय."



औषधं सुरू झाली. कित्येक आठवड्यांनी धाकटी उठून बसली, भावजयीकडे फणी मागू लागली. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे वेड नव्हतंच, बाई! आता चारचौघांत तोंड दाखवता येईल."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि रिपोर्टात काही निघालं नसतं तर? पुन्हा कडी घातली असती?"

मग त्याच पुढे म्हणाल्या,

"भास होणाऱ्या प्रत्येकाला ही अशी सूज नसते. आणखी काही जणांच्या आजारात या पहारेकऱ्यांचा हात असावा, असं दिसतंय. शोध चालू आहे. पुष्कळांचं कारण अजून सापडायचंय. म्हणून काय ती माणसं खोटी? औषध त्यांनाही लागतं, घरही लागतं!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दाढीला बसलेले एक काका म्हणाले, "बहीण इस्पितळात होती म्हणे? बरं झालं बाबा, वेडबिड नव्हतं!"

वस्तरा थांबला. "मावशीकडे गेलीच नव्हती ती, काका. मीच कोंडलं होतं. आणि वेड असतं तरी बहीण माझीच होती! पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

काकांनी आवाज खाली आणला. "माझ्या मेहुण्याचंही असंच... कुठल्या डॉक्टरांकडे नेलं होतंस?"

वाचकहो, घरातल्या माणसाचं वागणं एकाएकी बदललं, तर आधी डॉक्टर गाठा. कारण सापडेल, कदाचित सापडणारही नाही. माणूस तर आपलाच असतो ना!