वुकाशिनचा पाय

रविवारची प्रार्थना संपली की निम्मं ब्रेस्तोवो गाव राडोयकाच्या अंगणात जमायचं. तिचा नवरा वुकाशिन जाऊन पन्नास दिवस झाले होते आणि त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं क्लचचं पेडल रोज सकाळी आपोआप खाली टेकलेलं सापडत होतं. दारं बंद, आत कोणी नाही.

"त्याचाच पाय," ग्वोझ्देन सांगायचा. हा शेजारगावचा, मेलेल्यांशी बोलणारा गृहस्थ. मेणबत्ती लावून तो गाडीत वाकायचा आणि "उचल, वुकाशिन, उचल" म्हणत पेडल हाताने बारा वेळा भराभर दाबायचा, ओढायचा. बाराव्या खेपेला पेडल वर येऊन ताठ राहायचं. बायका छातीवर क्रूस काढायच्या. गाडीखालचा ओला डाग म्हणजे वुकाशिनचे अश्रू, हेही ग्वोझ्देननेच ठरवलेलं.

राडोयकाला मात्र बरं वाटायचं. रोज सकाळी ती कॉफी घेऊन शेजारच्या सीटवर बसायची आणि त्या पेडलाकडे बघत वुकाशिनला घरचं सगळं सांगायची.

त्या रविवारी ग्वोझ्देन कागद घेऊनच आला. "राडोयकाताई, आत्मा अडकलाय. गाडी माझ्या नावावर करा, मग सुटेल बिचारा."

तिने पेन हातात घेतलं. तेवढ्यात शेळ्या तपासायला आलेली गुरांची डॉक्टर पर्सिदा पुढे आली.

"बाराच वेळा का हो?"

"येशूचे बारा प्रेषित ना," ग्वोझ्देन म्हणाला.

"मी करून बघते." पर्सिदा वाकून पेडल भराभर दाबू लागली. "कांदे, मिरच्या, चीज, साबण..." बाजाराची यादी संपायच्या आत पेडल ताठ झालं. कुणीतरी फिसकन हसलं.

"आत्मा प्रसन्न असला की कुणाचंही ऐकतो," ग्वोझ्देन म्हणाला.

"मग माझ्या जीपमध्येही एक प्रसन्न आत्मा होता. गेल्या वर्षी रबर बदललं, तसा निघून गेला."

तिने बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाची डबी जवळजवळ रिकामी होती. तिने आपल्या जीपमधलं तेल आणून ती भरली, गाडीखाली शिरली, सलाइनची नळी गिअरबॉक्सजवळच्या बारक्या तोटीला लावली आणि दुसरं टोक बाटलीत सोडलं. "मावशी, पेडल दाबून धरा. आता सोडा. परत दाबा."

राडोयका दाबत राहिली. पारदर्शक नळीतून बुडबुड्यांची रांग निघाली. सगळे वाकून बघू लागले.

"हे बघा," पर्सिदा खालूनच म्हणाली. "पेडल तेलाला ढकलतं, तेल क्लचला. आतलं रबर झिजलं की तेल गळतं, म्हणून हा डाग. हवा आत शिरते. हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून पेडल बसतं. भराभर दाबलं की तेवढ्यापुरता जोर येतो. रात्रभरात परत ओसरतो."

तिने मान वर केली तेव्हा ग्वोझ्देन फाटकाबाहेर पोचला होता. कागद तेवढा राहिला.

राडोयका स्टिअरिंग धरून बसून होती. "म्हणजे तो नव्हता इथे."

"नव्हता, मावशी."

राडोयका डोळे पुसून म्हणाली, "रबर कुठे मिळतं?"

मंगळवारी रबर बसलं. बुधवारी सकाळी पेडल वरच होतं. राडोयका स्वतः गाडी चालवत दफनभूमीवर गेली, वुकाशिनला सगळं सांगून आली, आणि वाटेत शेजारणींना म्हणाली, "माझ्या माणसाची आठवण काढायला मला मध्ये कुणी लागत नाही. आणि तुमच्याकडे काही आपोआप हललं ना, तर कुणाला बोलावण्याआधी झाकण उघडून आत बघा."