तापीकाठचा एबन-एजर

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. लोक माझ्या पाया पडतात, पण मी देव नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका तापीकाठच्या खेड्यात, रस्त्यालगतच्या फरशीच्या ओट्यावर मी बसलो आहे. अंगभर शेंदूर आहे. त्याखाली कोरलेले माझे नाव आता वाचता येत नाही. ते आहे एबन-एजर.

हे नाव फार दुरून आले. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रात ते एका जागेचे नाव आहे. एबन म्हणजे दगड, एजर म्हणजे साहाय्य. पलिष्टी नावाच्या शत्रूंवर जय मिळाल्यावर शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये दगड उभा केला. देवाने इथवर साथ दिली, म्हणून त्याला हे नाव दिले. ती जागा नेमकी कुठे, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. माझ्या त्या थोरल्या भावाचे मला फार वाईट वाटते.

मला हे नाव दिले जीवराम मास्तरांनी. गावात ख्रिस्ती घर तेवढे त्यांचेच. एका वर्षी तापीला महापूर आला. मास्तरांनी दारोदार हाका मारून सगळ्या गावाला टेकाडावर चढवले. पाणी मागे मागे येत राहिले आणि टेकाडाच्या उतारावर थांबले. कुंदाबाई तेव्हा नवी सून होती, कडेवर लेकरू होते. सर्वांच्या मागे तीच होती. पाणी तिच्या पावलांशी थांबले. पूर ओसरल्यावर मास्तरांनी तिथेच मला रोवले आणि नावाखाली कोरले, 'पाणी येथवर'.

मास्तरांनी अर्थ समजावून सांगितला, पण गाव ते गाव. पोळ्याला कुणीतरी शेंदूर फासला, नारळ फोडला आणि मी एजरबाबा झालो! मास्तर नुसते हसले. माझ्या खाली, नदीच्या बाजूला मात्र कुणी घर बांधले नाही. तिथे कापूसच पिकत राहिला.

मास्तर गेले. वर्षे गेली. कुंदाबाईचा नातू योगेंद्र मनाने भला. बाबा रानात उघड्यावर बसतो, हे त्याला बघवेना. तो ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा म्हातारी आडवी आली आणि पायाजवळची जमीन दाखवत म्हणाली,

"पानी आठलोंग ऊनं व्हतं, भाऊ. दगड हलाडू नको."

"आजी, खाले रस्तावर चांगला ओटा बांधसूत. बठ्ठा लोक पाया पडतीन."

"पाया पडाले देव बठ्ठीकडे शेतस. हाई खूण एकच शे."

देव सगळीकडे आहेत, खूण मात्र एकच, हे त्याने ऐकले नाही. मला उपटून खाली आणले, माझा खड्डा बुजला, वरून नांगर फिरला.

आता माझा मान वाढला आहे. बाबा खाली आला म्हणजे पुराची भीती गेली, असे म्हणून लोकांनी माझ्या आसपास घरे बांधली. योगेंद्रचे नवे घरही इथेच आहे. त्याचे तान्हे लेकरू त्यात झोपते. त्याचे रडणे मला ओट्यावर ऐकू येते. 'पाणी येथवर' हे माझे शब्द इथे साफ खोटे आहेत.

ओट्यावरून टेकाड दिसते. कुंदाबाई रोज संध्याकाळी काठी टेकत तिथे जाते आणि माझ्या जागी उभी राहते. तिच्याशिवाय ती जागा आता कुणाला ठाऊक नाही. परवा मात्र ती त्या जागेच्या अलीकडेच थांबली आणि बराच वेळ जागा शोधत इकडेतिकडे बघत राहिली.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. उद्याच तिचा हात धरून टेकाडावर जा, ती दाखवील तिथे खड्डा खणा, आणि मला घेऊन चला.