उलटा बांधलेला फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय, डोकं खाली अन् पाय वर करून. हसू नका, मला खरंच तसं बांधलंय.

जालन्यात मस्तगडच्या चौकात मी चार दिवस मोठ्या ऐटीत उभा होतो. अंगावर ठळक अक्षरं होती, ‘कल्याणदादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. वाढदिवस सरला अन् मी कचऱ्यात गेलो. तिथून मला ट्रॅक्टरवाल्या मिथुननं उचललं आणि अंकुशनगरजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर तातेरावला दिलं. त्यानं मला कोपीची, म्हणजे राहायच्या झोपडीची, भिंत केलं. सुतळीनं चारी कोपरे असे आवळले, की हूं की चूं करता येईना. तेव्हापासून मी अडकलोय.

आईबाप उसाच्या फडात गेले की तातेरावची आठ वर्षांची साक्षी धाकट्या बहिणीला, पायलला सांभाळत माझ्याकडं बघत बसायची. तिनं विचारलं म्हणून मिथुननं मान तिरपी करून मला एकदा वाचून दाखवलं. मग काय, पोरगी रोज एकेका अक्षरावर बोट ठेवून घोकायची. मला भलताच अभिमान वाटायचा.

तिला शाळेत जायचं होतं. शाळेतल्या सुहासिनीबाई तळावर येऊन तातेरावच्या मागंच लागल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, आज वाचून दाखवलं तर शाळा, न्हाई तर उद्यापासून फडात मोळ्या बांधायला.

बाईंनी पुस्तक पुढं धरलं. साक्षी नुसती बघतच राहिली. तिला एक अक्षर ओळखू येईना. माझा जीव तुटत होता, पण बांधलेला मी काय करणार? तातेराव उठला.

तेवढ्यात साक्षीनं पुस्तक ओढून घेतलं, उलटं फिरवलं आणि उजवीकडून बोट सरकवत वाचलं, "सशाला... दाणा... दिला."

बाई चक्रावल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "तातेराव, हा फ्लेक्स तुम्ही उलटा बांधलाय."

तातेरावनं माझ्याकडं बघितलं. "मला काय ठावं बाई, वरचं कोणतं अन् खालचं कोणतं," तो हळूच म्हणाला.

साक्षी आता शाळेत जाते. पुस्तक सुलटं धरून वाचायला तिला अजून जड जातं, पण जमतंय. मला मात्र कुणी सोडलं नाही. आत थंडी शिरेल, हंगाम संपल्यावर बघू, म्हणतात.

पायल आता शेजारच्या चांगुणाआजीच्या नजरेखाली इथंच असते. काल ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं ‘क’वर बोट ठेवलं. अहो, कुणीतरी या सुतळ्या सोडा. मला एकदा सुलटं बांधा.